हृदयशस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडे कशाने वाचतात? : हृदयशस्त्रक्रिया विभागांना खुले पत्र

महाराष्ट्र आणि गोव्यातील रुग्णालयांच्या हृदयशस्त्रक्रिया विभागांत काम करणारे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परफ्युजनिस्ट (शस्त्रक्रियेत हार्ट-लंग मशीन चालवणारे तंत्रज्ञ) आणि अतिदक्षता विभागातील डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी मूत्रपिंडविकारांवर उपचार करणारा डॉक्टर आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत आपण ज्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करता, त्यांच्यापैकी काही रुग्ण पुढे माझ्याकडे येतात. त्यांचे हृदय चांगले चालत असते, छातीवरची जखम भरलेली असते, पण पायांवर सूज असते आणि मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात साचणारे क्रिएटिनिन वाढलेले असते. फाइल चाळताना अलीकडे बिलात रक्त गाळण्याच्या कार्ट्रिजची स्वतंत्र ओळ वरचेवर दिसू लागली आहे. ते कशासाठी वापरले होते, असे नातेवाइकांना विचारले की बहुतेकांचे उत्तर एकच असते : “किडनी वाचवायची असेल तर रक्त गाळावं लागेल, असं सांगितलं होतं.”

हे वाक्य आपण नातेवाइकांना सांगू नये, ही या पत्राची मुख्य विनंती आहे. मूत्रपिंडांनी काम करणे थांबवले असेल तर रक्त गाळण्याचे यंत्र रुग्णाचा जीव वाचवते, आणि तसे रुग्ण मी रोज पाहतो. मात्र जी मूत्रपिंडे अजून काम करत आहेत किंवा नुकतीच कुरकुरू लागली आहेत, त्यांना हे यंत्र वाचवते याला आज फार थोडा पुरावा आहे : २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, स्पेनमधल्या दोन रुग्णालयांतल्या ३४३ रुग्णांच्या एका चाचणीत मूत्रपिंडाची इजा कमी दिसली, पण मृत्यू कमी झाले नाहीत. मूत्रपिंडे ज्या गोष्टींनी वाचतात त्या बहुतेक स्वस्त आहेत, वेळ आणि लक्ष मागणाऱ्या आहेत, आणि नेमक्या त्याच मागे पडतात.

गाळण्याची कल्पना मुळात सुचली कशी, हे मला समजते, आणि ती सुचणाऱ्यांविषयी मला आदर आहे. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून जेमतेम ३०० ग्रॅम भरते, पण हृदय दर मिनिटाला जेवढे रक्त बाहेर टाकते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. एवढे रक्त मिळूनही त्यांच्या गाभ्याला प्राणवायू नेहमीच जेमतेम पुरतो. शस्त्रक्रियेपुरते हृदय आणि फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर रुग्ण गेला की रक्त पातळ होते, दाब उतरतो आणि ठोक्यांच्या लयीऐवजी सपाट प्रवाह सुरू होतो. पंपाच्या रोलरमधून आणि छातीतले रक्त ओढणाऱ्या सक्शनमधून जाताना तांबड्या पेशी फुटतात. त्यांतून सुटलेले हिमोग्लोबिन रक्तातला नायट्रिक ऑक्साइड संपवते, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि तेच हिमोग्लोबिन मूत्रपिंडाच्या नलिकांमध्ये साचून त्यांना इजा करते. शिवाय सगळे रक्त प्लॅस्टिकच्या नळ्यांना आणि रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या ऑक्सिजनेटरला लागून फिरत असल्यामुळे शरीरात दाह पेटतो आणि सायटोकाइन नावाची द्रव्ये वाढतात. प्रचलित निकष काटेकोरपणे लावले तर हृदयशस्त्रक्रिया झालेल्या साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाच्या, आणि काही केंद्रांत तिघांमागे एकाच्या मूत्रपिंडांना कमीअधिक इजा झालेली आढळते. डायलिसिसपर्यंत जाणारे शंभरात एक ते पाच असतात, पण त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण इतरांच्या कितीतरी पट असते. अशा स्थितीत ही घातक द्रव्ये रक्तातूनच काढून टाकली तर मूत्रपिंडे वाचतील, असे कोणालाही वाटावे.

वाटणे आणि सिद्ध होणे यांत मात्र अंतर राहिले आहे. सायटोकाइन शोषून घेणाऱ्या मण्यांच्या कार्ट्रिजची मोठी चाचणी जर्मनीतल्या १४ हृदयशस्त्रक्रिया केंद्रांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ‘रिमूव्ह’ या नावाने ती आपल्याला परिचित असेल. हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झालेले २८८ रुग्ण तिच्यात होते, म्हणजे दाह सर्वांत जास्त असणारा आणि म्हणून या कार्ट्रिजचा फायदा दिसायचाच तर जिथे दिसावा असा हा गट होता. रक्तातली काही सायटोकाइन खरोखरच कमी झाली. पण अवयव किती बिघडले याच्या मोजमापात फरक पडला नाही, आणि ३० दिवसांतले मृत्यू कार्ट्रिज वापरलेल्या गटात २१ टक्के, तर न वापरलेल्या गटात २२ टक्के होते. रक्तातला एक आकडा सुधारला, रुग्णांच्या नशिबात काही बदलले नाही.

त्याआधी, २०१५ साली, फ्रान्समधली ‘हिरोइक्स’ ही चाचणी प्रसिद्ध झाली होती. हृदयशस्त्रक्रियेनंतर तीव्र शॉकमध्ये गेलेल्या २२४ रुग्णांपैकी निम्म्यांचे रक्त लगेच, मोठ्या प्रमाणात म्हणजे वजनाच्या दर किलोमागे तासाला ८० मिलिलिटर या वेगाने, ४८ तास गाळले गेले, आणि उरलेल्यांना नेहमीचे उपचार देऊन गरज पडली तरच डायलिसिस दिले गेले. ३० दिवसांनी दोन्ही गटांत ३६ टक्के रुग्ण दगावले होते. गाळलेल्या गटात रक्तातले आम्ल लवकर आटोक्यात आले हे खरे, पण त्याच गटात फॉस्फेट घसरले आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी झाल्या. ताज्या शिवलेल्या छातीत प्लेटलेट कमी होण्याचा अर्थ आपल्याला सांगण्याची गरज नाही.

डायलिसिस लवकर सुरू केले तर मूत्रपिंडांना विश्रांती मिळेल, हा विचारही याच घरातला. जर्मनीतल्या म्युन्स्टर येथे एका केंद्रात २३१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एलेन’ चाचणीने या विचाराला मोठे बळ दिले. त्या रुग्णांत हृदयशस्त्रक्रिया झालेल्यांचा मोठा वाटा होता, आणि लवकर डायलिसिस दिलेल्यांचे ९० दिवसांतले मृत्यू ५४.७ टक्क्यांऐवजी ३९.३ टक्के निघाले. आपल्यापैकी अनेकांची आजची पद्धत त्या निष्कर्षावर उभी राहिली असावी. पण त्याच वर्षी फ्रान्समधल्या ६२० रुग्णांच्या ‘अकिकी’ चाचणीत मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही, आणि थांबून पाहण्याच्या गटातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना डायलिसिसची गरजच पडली नाही. पुढे २०२० साली १५ देशांतल्या सुमारे ३,००० रुग्णांच्या ‘स्टार्ट-एकेआय’ चाचणीने हा प्रश्न बऱ्यापैकी मिटवला. ९० दिवसांतले मृत्यू लवकर सुरू केलेल्या गटात ४३.९ टक्के आणि थांबलेल्या गटात ४३.७ टक्के होते. जगलेल्यांपैकी ९० दिवसांनंतरही डायलिसिसवरच राहिलेले मात्र लवकरच्या गटात १०.४ टक्के होते आणि दुसऱ्यात ६ टक्के.

या शेवटच्या आकड्यांशी माझा रोजचा संबंध येतो. मूत्रपिंडे वाचवण्याच्या हेतूने घाईने सुरू केलेले डायलिसिस काही जणांना कायमचे चिकटते. यंत्रावर असताना रक्तदाब खाली जातो, आणि आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडाला प्रत्येक वेळी पुन्हा रक्त कमी पडते. मानेतल्या किंवा जांघेतल्या जाड कॅथेटरमधून जंतू शिरतात. रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या औषधाने ड्रेनमधला, म्हणजे छातीतले रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतला, रक्तस्राव वाढतो. कार्ट्रिज सायटोकाइनबरोबर काही प्रतिजैविकेही शोषून घेते, आणि डोस त्या हिशेबाने वाढवला नाही तर संसर्ग झालेल्या रुग्णाला औषध अपुरे पडते. घरी गेल्यावर आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार तास आणि वर एसटीचा प्रवास, हा या रुग्णांचा दिनक्रम होतो. केंद्र सरकारचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून सुरू आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयांत सोय झाली आणि ती मोलाची आहे. पण सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज कोणतीही योजना भरून देत नाही.

आपल्या क्षेत्राने असा अनुभव याआधीही घेतला आहे. कमी मात्रेतले डोपामिन मूत्रपिंडांना वाचवते असे मानून ते कित्येक वर्षे सर्रास दिले जात होते. लघवी वाढलेली दिसत असल्यामुळे ते उपयोगी आहे असा सर्वांचा समज होता. २००० साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या गटाने केलेल्या ३२८ रुग्णांच्या चाचणीने त्यातून मूत्रपिंडाला काही संरक्षण मिळत नाही हे दाखवले आणि मग ती प्रथा हळूहळू मागे पडली. ते औषध निदान स्वस्त तरी होते.

उलट टोकाला जाऊनही चालणार नाही. पोटॅशियम ६ च्या वर गेले आहे आणि औषधांना दाद देत नाही, रक्तातले आम्ल वाढून पीएच ७.१५ च्या खाली उतरले आहे, फुप्फुसांत पाणी भरून प्राणवायू कमी पडतो आहे आणि लॅसिक्स या लघवी वाढवणाऱ्या औषधानेही लघवी होत नाही, अशा वेळी रात्रीचे दोन वाजले असले तरी डायलिसिस सुरू झाले पाहिजे. खर्चाच्या किंवा रुग्णाला दुसरीकडे हलवण्याच्या चर्चेत तेव्हा तास घालवू नयेत. युरिया वाढतच असेल आणि लघवी तीन दिवस बंदच असेल, तर आणखी थांबण्यातही शहाणपण नाही. २०२१ च्या ‘अकिकी-२’ चाचणीत त्याहून जास्त लांबवण्याने काही मिळाले नाही, नुकसानीची शक्यताच दिसली. लहान मुलांची गोष्टही वेगळी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली पालघरहून झाली, आणि जन्मजात हृदयदोष असलेली गरीब घरची मुले त्यातून आपल्या टेबलापर्यंत पोहोचू लागली. त्यांच्या चिमुकल्या शरीरात मशीनमुळे पाणी फार साठते आणि शस्त्रक्रियेच्या शेवटी ते गाळून काढण्याची, लंडनमध्ये १९९१ च्या सुमारास पुढे आलेली पद्धत उपयोगी ठरलेली आहे. या मुलांत पोटातून करायचे डायलिसिसही साधे आणि परवडणारे असते. त्यावर माझा काहीही आक्षेप नाही. माझा आक्षेप आहे तो मोठ्या माणसांत, ठोस कारण नसताना, संरक्षण म्हणून केल्या जाणाऱ्या गाळणीवर.

मग संरक्षण कशाने होते? ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक गटाने २०१२ सालीच ते लिहून ठेवले आहे : मूत्रपिंडांना अपाय करणारी औषधे बंद करणे, पाणी आणि रक्तदाब मोजून सांभाळणे, साखर वाढू न देणे, अँजिओग्राफीच्या डायचा वापर शक्य तितका टाळणे, क्रिएटिनिन आणि लघवी यांवर नजर ठेवणे. म्युन्स्टरमधल्याच २०१७ च्या चाचणीत, लघवीतल्या तपासणीवरून ज्यांना धोका जास्त आहे असे दिसले त्या २७६ रुग्णांपैकी ज्यांच्याबाबत हे सगळे काटेकोरपणे केले, त्यांच्यात मूत्रपिंडाची इजा ७१.७ टक्क्यांऐवजी ५५.१ टक्क्यांना झाली. पुढच्या बहुकेंद्री अभ्यासात एकूण इजा कमी झाली नाही, पण मध्यम आणि तीव्र इजा २३.९ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आली. त्या अभ्यासातला माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका आकडा वेगळाच आहे. ज्या गटात नेहमीची पद्धत चालू ठेवली होती, तिथे हा सगळा संच पूर्णपणे पाळला गेलेले रुग्ण फक्त ४.२ टक्के होते. युरोपातल्या सुसज्ज केंद्रांत ही स्थिती असेल, तर आपल्याकडे ती काय असेल याचा विचार प्रत्येक विभागाने आपापली चार्ट काढून करावा.

आपल्या रुग्णांचे काही धोके खास आपल्याकडचे आहेत. गुडघे किंवा कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या कितीतरी जण वर्षानुवर्षे खात असतात आणि “कोणती औषधे चालू आहेत?” या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचा उल्लेख कधीच येत नाही, कारण ते त्यांना औषध समजतच नाहीत. ते नाव घेऊनच विचारावे लागते. काढे आणि भस्मे यांचेही तसेच. सोमवारी अँजिओग्राफी आणि बुधवारी बायपास असा क्रम खाटेच्या किंवा योजनेच्या मंजुरीच्या सोयीने ठरतो. तातडी नसेल तर मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत आणि क्रिएटिनिन पुन्हा पाहून मगच टेबलावर घ्यावे. आणि ‘क्रिएटिनिन नॉर्मल’ या शेऱ्यावर विसंबू नये. सत्तर वर्षांची, ४५ किलो वजनाची आजी आणि क्रिएटिनिन १.१, हे कागदावर निर्धोक दिसते, पण वय आणि वजन सूत्रात घातले की तिच्या मूत्रपिंडांचे काम मिनिटाला ३५ मिलिलिटरच्याही आत निघते. निरोगी तरुण माणसात ते शंभरच्या आसपास असते. अंगावर मांसच नसल्यामुळे तिचा आकडा वाढलेला दिसत नाही, एवढेच.

टेबलावरची जबाबदारी बरीचशी परफ्युजनिस्टची असते, आणि त्यांचे नाव आपल्या चर्चांत फार कमी येते याची मला खंत वाटते. मशीनवर असताना शरीराला दर चौरस मीटरमागे मिनिटाला निदान २८० मिलिलिटर प्राणवायू पोहोचेल असा प्रवाह राखला तर मूत्रपिंडाची सौम्य इजा कमी होते, हे इटालियन गटाच्या पुढाकाराने झालेल्या २०१८ च्या चाचणीने दाखवले. रक्त शक्य तितके कमी पातळ होऊ देणे, शेवटी ते पुन्हा तापवताना ३७ अंशांच्या वर न जाणे, सक्शन गरजेपुरतेच चालवणे, यांतल्या एकाही गोष्टीला कार्ट्रिज लागत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोटेक्शन’ चाचणीत ३,५११ रुग्णांपैकी ज्यांना शिरेतून अमिनो आम्ले दिली, त्यांच्यात मूत्रपिंडाची इजा ३१.७ टक्क्यांऐवजी २६.९ टक्क्यांना झाली, आणि सर्वांत तीव्र प्रकार ३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. डायलिसिस लागण्याचे प्रमाण त्यातून कमी झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही एवढ्या मोठ्या चाचणीचा असा निष्कर्ष कोणत्याही गाळणीच्या बाजूने आजवर आलेला नाही.

पहिल्या रात्रीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मूत्रपिंडाचा निकाल पुष्कळदा तिथे लागतो. ६० किलोच्या रुग्णाला तासाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग सहा तास झाली की निकषानुसार इजा सुरू झालेली असते. क्रिएटिनिन वाढायला त्यानंतर एखादा दिवस लागतो. सिस्टर चार्टवर ३५, २५, २०, २०, १५ असे आकडे लिहीत जातात, पहाटे फोनवर लॅसिक्स सांगितले जाते, पुढच्या रकान्यात १५० येतो आणि सकाळच्या राउंडला “आउटपुट चांगला आहे” असे म्हणून सगळे पुढे सरकतात. त्या रात्रीतला प्रश्न विचारायचा राहूनच जातो : दाब कमी होता का, हृदयाचा जोर कमी पडत होता का, पोटात किंवा हृदयाभोवती रक्त साचत होते का, की नुसते पाणी कमी पडले होते? जिथे तासाच्या रेघा असलेली युरोबॅग नसते आणि मोठ्या पिशवीतून अंदाजे आकडा टाकला जातो, तिथे तर हा इशाराही मिळत नाही. सलग तीन तास लघवी ३० च्या खाली गेली की ड्युटीवरच्या डॉक्टरने रुग्णापाशी येऊन पाहावे, फोनवर औषध सांगू नये, एवढा एक नियम आपल्या विभागात घालून द्यावा. कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा त्याने जास्त मूत्रपिंडे वाचतील, असे मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

नातेवाइकांशी बोलण्याविषयीही लिहिणे भाग आहे. आयसीयूच्या बाहेर चटईवर झोपलेल्या मुलाला उठवून संमतिपत्रावर सही घेतली जाते, तेव्हा त्याच्यासमोर नकाराचा पर्याय उरलेलाच नसतो. “वाचवायचं असेल तर” हे शब्द ऐकल्यावर कोणता मुलगा नाही म्हणेल? म्हणून त्याला खरे आणि पूर्ण सांगावे. डायलिसिस मूत्रपिंडांचे काम बंद पडले म्हणून सुरू करत असाल तर तसे सांगा, आणि ते आजच का सुरू करायचे याचे कारणही सांगा. शोषक कार्ट्रिज एखाद्या खास कारणासाठी, उदाहरणार्थ अनियंत्रित दाहासाठी, वापरून पाहायचे असेल तर त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही, ते न वापरताही उपचार चालूच राहतील आणि त्याचा खर्च इतका येईल, हे मराठीत, सही घेण्याआधी सांगा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळत असूनही, रुग्णांचे नातेवाईक गळ्यातले सोने मोडून अशा वस्तूंचे पैसे भरल्याचे मला सांगतात. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून आपल्या विभागाने कार्ट्रिजच्या प्रत्येक वापराचे कारण आणि परिणाम लिहून ठेवावा आणि वर्षाअखेरीस तो हिशेब सर्वांसमोर मांडावा. त्यातून फायदा दिसला तर मी माझे मत बदलीन, आणि आनंदाने बदलीन.

शेवटची विनंती डिस्चार्ज कार्डाची. त्यावर कोणत्या रक्तवाहिन्यांना किती ग्राफ्ट (बायपासच्या जोडवाहिन्या) लावले हे बारकाईने लिहिलेले असते. मूत्रपिंडाविषयी मात्र बहुधा काहीच नसते, आणि आयसीयूत तीन दिवस डायलिसिस झाले होते हे मला रुग्णाच्या मानेवरच्या व्रणावरून कळते. शस्त्रक्रियेआधीचे क्रिएटिनिन, मुक्कामातले सर्वांत जास्त आणि घरी सोडतानाचे, अशा तीन नोंदी, डायलिसिस झाले असल्यास किती वेळा, रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या मूत्रपिंडासाठी थांबवल्या आणि त्या पुन्हा केव्हा सुरू करायच्या, आणि कोणत्या वेदनाशामक गोळ्या मुळीच घ्यायच्या नाहीत, हे मराठीत लिहून द्यावे. मूत्रपिंडाला इजा झालेल्या प्रत्येक रुग्णाचे क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन तीन महिन्यांनी तपासावे, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ही तपासणी करायला आपल्याकडे येणे रुग्णाला परवडणार नसेल तर त्याला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या डॉक्टरकडे पाठवा. कार्डावर तारीख घालून दिलीत तर पुढचे आम्ही पाहू.

आपला,
जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणारा एक मूत्रपिंडविकारतज्ज्ञ